शस्त्र कोणाच्या हाती?

दहिसर म्हणजे मुंबईचे उत्तरेकडचे दार. पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदरची हद्द सुरू होते. राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाजवळ उगम पावलेली दहिसर नदी याच वस्तीतून खाडीकडे जाते. स्थानकाच्या दोन्ही बाजूंना, पूर्वेला रावळपाड्याकडे आणि पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गाच्या कडेने, कापड, धान्य, भांडी आणि सोन्याचांदीची लहानमोठी दुकाने गेली कित्येक वर्षे नांदत आहेत. सकाळी देवदर्शन आटोपून शटर वर करायचे, गादीवर बसून चोपडी उघडायची, आणि रात्री हिशेब जुळला की कुलूप दोनदा ओढून पाहून घरी जायचे, हा येथील व्यापारी घरांचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम आहे.

या क्रमात गेल्या काही वर्षांत एक नवी सवय शिरली आहे. शटर वर करण्यापूर्वी दुकानदार आता रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे एकदा नजर टाकतो. तोंडाला फडके बांधलेला गिऱ्हाईक आत आला की काउंटरवरचे हात क्षणभर थबकतात. घरून निघताना पत्नी किंवा आई ‘पोहोचलात की फोन करा’ असे सांगते. ही धास्ती कोठून आली, तिच्यापुढे राजकारण आणि प्रशासन का अपुरे पडले, आणि व्यापाऱ्याने तिला कोणते उत्तर द्यावे, याचा विचार करायचा तर सुरुवात दहिसरमधल्याच तीन दिवसांपासून करावी लागते.

दोन बुधवार आणि एक गुरुवार

३० जून २०२१, बुधवार. दहिसर पूर्वेतील रावळपाडा भागातल्या एका सराफी दुकानात सकाळीच हल्लेखोर शिरले. दुकानाचे मालक एकटेच होते. त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली, दागिने लुटले गेले आणि हल्लेखोर दुचाकीवरून पसार झाले. मालकाचा मृत्यू झाला. काही दिवसांतच पोलिसांनी आरोपींना परराज्यांतून पकडून आणले. पण त्या सकाळनंतर आसपासच्या सराफांनी दुकान उघडण्याची वेळ, पद्धत आणि सोबत सारेच बदलून टाकले.

त्याच वर्षीचा २९ डिसेंबर हाही बुधवारच होता. दहिसर पश्चिमेतील स्टेट बँकेच्या एका शाखेत दुपारी दोन तोंड झाकलेले तरुण शिरले. प्रवेशापाशीच असलेल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर त्यांनी गोळी झाडली आणि सुमारे अडीच लाख रुपये घेऊन ते पळाले. त्या तरुण कर्मचाऱ्याचा जीव गेला. पळताना दोघांपैकी एकाची चप्पल मागे राहिली होती. पोलिसांच्या श्वानपथकाने तिच्या वासावरून माग काढला आणि काही तासांतच दोघेही हाती लागले. तपासाच्या दृष्टीने ही कामगिरी कौतुकास्पदच होती. तरीही अडीच लाख रुपयांसाठी एका घरातला कमावता मुलगा गेला तो गेलाच.

तिसरा दिवस ८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. दहिसर-बोरिवलीच्या सीमेवरील आयसी कॉलनीत, संध्याकाळी, शिवसेनेच्या ठाकरे गटाचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर हे मॉरिस नोरोन्हा नावाच्या, स्वतःला समाजसेवक म्हणवणाऱ्या स्थानिक इसमाच्या कार्यालयात बसले होते. दोघांमध्ये पूर्वीचे वैर होते. ते मिटल्याचे जाहीर करण्यासाठी फेसबुकवरून थेट प्रक्षेपण सुरू होते. दोघे शेजारी बसून लोकोपयोगी कामांच्या, साडीवाटपाच्या गोष्टी बोलत होते. नोरोन्हा उठून गेला आणि काही क्षणांतच कॅमेऱ्यासमोर बसलेल्या घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नोरोन्हाने स्वतःचेही जीवन संपवले. घोसाळकरांचे वडील विनोद घोसाळकर हे दहिसरचे माजी आमदार, पत्नीही नगरसेविका राहिलेल्या. ज्या घराचा परिसरातल्या प्रत्येक गल्लीशी संबंध होता त्या घरावरचा हा आघात दहिसरकरांनी अक्षरशः हातातल्या मोबाइलवर पाहिला.

पहिल्या दोन घटनांत लोभ होता, तिसऱ्यात वैर. पहिल्या दोन घटनांतील हल्लेखोर लूट करण्यासाठी आलेले अनोळखी लोक होते, तिसऱ्यातला मारेकरी परिसरात वावरणारा, फलकांवर छायाचित्रे झळकवणारा माणूस होता. तिन्ही घटनांना जोडणारा दुवा एकच: माणसाच्या मनातील विकार आणि प्रत्यक्ष मृत्यू यांच्यामधले अंतर बंदुकीने क्षणभराचे करून टाकले.

परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे

घोसाळकर हत्येतील पिस्तूल हा या प्रकरणाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे. ते चोरबाजारातले नव्हते. नोरोन्हाने नेमलेल्या खासगी अंगरक्षकाचे ते परवानाधारक शस्त्र होते आणि परवाना उत्तर प्रदेशातून मिळालेला होता. अंगरक्षक ते कार्यालयातील कपाटात ठेवत असे, असे तपासादरम्यान प्रसिद्ध झाले. घटनेच्या वेळी तो तेथे नव्हता. म्हणजे परवाना एकाच्या नावाचा, कपाट दुसऱ्याचे, आणि चापावरचे बोट अशा माणसाचे ज्याला स्वतःच्या नावावर परवाना नव्हता. पोलिसांनी या अंगरक्षकाला शस्त्र अधिनियमाखाली अटक केली. पुढे मृताच्या पत्नीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क देत नाही. तो अटींवर दिलेली सवलत देतो. पोलिसांचा अहवाल मागवल्यावर आणि अर्जदाराला शस्त्राची खरीखुरी गरज असल्याची खात्री पटल्यावरच परवाना द्यावा, अशी त्याची रचना आहे. मुंबईसारख्या शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आणि सार्वजनिक ठिकाणी ते मिरवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि लग्नसमारंभातल्या हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरवली. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी किमान सात वर्षांचा कारावास आहे.

कागदावर ही चौकट भक्कम दिसते. पण परवान्याच्या अटींचा भंग केल्याबद्दल कलम ३० मध्ये असलेली शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. आपले शस्त्र दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्याचे मोल कायद्याच्या लेखी इतके अल्प असेल, तर परवाना देताना केलेल्या साऱ्या चौकशीचा उपयोग काय, हा प्रश्न दहिसरच्या घटनेनंतर विचारला जायला हवा होता. तो फारसा विचारला गेला नाही.

नोंदीबाहेरच्या शस्त्रांचा प्रश्न तर याहून मोठा आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हास्थित संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात सामान्य नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत, आणि त्यांतील केवळ ९७ लाखांच्या आसपास नोंदणीकृत आहेत. म्हणजे दर सात शस्त्रांमागे सहा सरकारदरबारी अस्तित्वातच नाहीत. गावठी कट्टा म्हणून ओळखले जाणारे हे हत्यार बिहारमधील मुंगेरसारख्या जुन्या केंद्रांतून येते, तसेच महाराष्ट्राच्या अगदी उंबरठ्यावरूनही येते. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून आहे. तेथील शस्त्रनिर्मितीचे धागे महाराष्ट्रातील गुन्ह्यांपर्यंत पोहोचल्यामुळे राज्यातील पोलिसांना तेथवर जाऊन छापे घालावे लागले आहेत.

राजकारणाच्या कमरेचे पिस्तूल

८ फेब्रुवारीच्या घटनेला सहाच दिवस आधीची पार्श्वभूमी होती. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, शिवसेनेच्या शिंदे गटाचे कल्याण पूर्वेतील पदाधिकारी महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला. ते बचावले. भारतीय जनता पक्षाचे त्या वेळचे आमदार गणपत गायकवाड यांना या प्रकरणी अटक झाली. वाद जमिनीचा होता आणि दोन्ही पक्ष सत्तेत एकत्र होते. सामान्य माणूस भांडण मिटवण्यासाठी ज्या जागी जातो, तीच जागा भांडणाचा आखाडा बनली. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड त्याच मतदारसंघातून निवडून आल्या.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या संध्याकाळी, १२ तारखेला, वांद्रे पूर्वेतील निर्मलनगर भागात माजी राज्यमंत्री बाबा सिद्दिकी यांची त्यांच्या आमदारपुत्राच्या कार्यालयाबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. आसपास फटाके वाजत होते. सिद्दिकींना पोलीस संरक्षण होते. ते उपयोगी पडले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वांद्र्यात अभिनेता सलमान खान यांच्या इमारतीबाहेर दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळीबार केला होता.

या प्रत्येक घटनेनंतरचा क्रम ठरलेला राहिला. विरोधकांनी गृहमंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. सत्ताधाऱ्यांनी घटना वैयक्तिक वैरातून घडल्याचे सांगितले. दूरचित्रवाणीवर दोन रात्री चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी नवा विषय आला. घोसाळकर प्रकरण वैयक्तिक वैराचेच होते, हे म्हणणे खोटेही नाही. पण वैयक्तिक वैर जगात सर्वत्र असते. भरलेले पिस्तूल कार्यालयाच्या कपाटात सर्वत्र नसते. पहिल्या गोष्टीचा इलाज शासनाच्या हाती नाही, दुसरीचा आहे. नेमक्या त्या दुसऱ्या गोष्टीवर कोणत्याच पक्षाने सातत्याने बोलायचे टाळले, कारण सशस्त्र अंगरक्षक हा आता सर्वच पक्षांत प्रतिष्ठेचा दागिना झाला आहे. गल्लीतल्या कार्यकर्त्यालाही मोटारीतून उतरताना मागे एक बंदूकधारी असावा असे वाटते.

जुन्या पिढीच्या व्यापाऱ्यांना या साऱ्यातून १९९० चे दशक आठवते. खंडणीच्या फोनने तेव्हा पेढ्यांची झोप उडवली होती. ऑगस्ट १९९४ मध्ये भाजपचे नेते रामदास नायक, जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधेरीत मंदिरातून बाहेर पडणारे कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांच्या हत्यांनी शहर हादरले होते. त्या काळोखातून मुंबई बाहेर आली ती आपोआप आली नाही. १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा झाला, पोलिसांनी टोळ्यांचा पैशाचा पुरवठा तोडला, आणि काही व्यापाऱ्यांनी जिवावर उदार होऊन तक्रारी नोंदवल्या. त्या काळातल्या कठोर पोलिसी मार्गांपैकी सारेच निर्दोष नव्हते. तरीही शासनाने ठरवले तर हवा बदलते, एवढे त्या अनुभवाने दाखवले.

गाऱ्हाणे सांगायचे कोणाला?

दहिसरच्या दुकानदाराचा त्रागा केवळ बंदुकीपुरता नाही. दिवे बंद असलेली गल्ली, फुटपाथवर उभ्या राहणाऱ्या दुचाकी, नाक्यावरची न संपणारी कोंडी, सणासुदीला वर्गणीच्या नावाने होणारी दांडगाई, अशा लहान-लहान गोष्टींचा तो एकत्रित थकवा आहे. हलक्या वाहनांचा पथकर ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, पण चेकनाक्यावरची रांग तशीच राहिली. मेट्रो २०२२ च्या गुढीपाडव्याला दहिसरहून धावू लागली. तिच्या खांबांखालचा अंधार मात्र कोणी उजळायचा हे ठरायला वेळ लागला.

लहान गाऱ्हाण्याचा पहिला पत्ता म्हणजे नगरसेवक. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात दिवा लावण्यापासून गटाराच्या झाकणापर्यंत प्रत्येक कामासाठी नागरिकाला ‘कोणाचा माणूस’ शोधावा लागला. ज्या रिकाम्या जागी उत्तरदायी प्रतिनिधी असायला हवा, त्या जागी स्वयंघोषित समाजसेवक, भाई आणि दादा यांची वर्दळ वाढते. वस्तूंचे वाटप, वाढदिवसाचे फलक आणि मागेपुढे अंगरक्षक एवढ्या भांडवलावर माणूस परिसराचा आधारस्तंभ ठरतो. व्यापारीही कधी भीतीने, कधी सोयीसाठी, अशा फलकांना जाहिरात देतो. त्या वेळी तो कोणाचे बळ वाढवत आहे, याचा विचार होत नाही.

मुलगा म्हणतो, परवाना काढू या

अशा वातावरणात अनेक घरांत एक संवाद होऊ लागला आहे. तरुण मुलगा म्हणतो, ‘पप्पा, आपणही परवाना काढू या. दुकानात एक पिस्तूल असू दे.’ वडील गप्प राहतात. आजोबा माळ बाजूला ठेवून मान हलवतात. मुलाचा मुद्दा पोकळ नाही. जैन आचारशास्त्रानेही गृहस्थाची हिंसा सरसकट एका मापाने मोजलेली नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे तिचे चार भेद सांगितले आहेत. जाणूनबुजून मारण्याची संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वस्वी त्याज्य. पण स्वतःचे, कुटुंबाचे आणि आश्रितांचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला टाळता येईलच असे नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले आहे. देशाचा कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क मानतो. प्रतिकार धोक्याच्या प्रमाणात असावा, एवढीच त्याची मर्यादा आहे.

तेव्हा पिस्तूल घ्यावे की नाही हा प्रश्न आधी व्यवहाराच्या कसोटीवर घासून पाहावा. रावळपाड्यातील दुकानात किंवा बँकेच्या शाखेत हल्लेखोर आले ते शस्त्र हाती घेऊनच. गल्ल्याखालचे किंवा तिजोरीतले पिस्तूल काढायला लागणारे काही क्षण अशा वेळी कोणाला मिळत नाहीत. उलट हाताची हालचाल दिसताच समोरच्याची गोळी सुटण्याचा संभव वाढतो. लुटारू ऐवज घेऊन पळून जाण्याच्या घाईत असतो, त्याला खुनी बनवणारा क्षण बहुधा झटापटीचा असतो. शिवाय दुकानातले शस्त्र ही स्वतःच चोरीला योग्य अशी वस्तू आहे. ते घरी नेले तर मुलांच्या हाती लागण्याची, कौटुंबिक कलहात किंवा निराशेच्या क्षणी वापरले जाण्याची भीती आयुष्यभर सांभाळावी लागते. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करा, मुदत संपली की नूतनीकरण करा, गावाला जाताना त्याची व्यवस्था लावा, ही यातायात वेगळीच.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत लोकसंख्येपेक्षा बंदुका अधिक आहेत, तरी तेथील शाळा आणि बाजार निर्धास्त झालेले नाहीत. उलट १९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १६ बालके आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे बळी पडल्यावर तेथील सरकारने मोबदला देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका नागरिकांकडून परत घेतल्या. तेथे राजकीय पक्षांनी आपसांतले मतभेद बाजूला ठेवले आणि निर्णय काही आठवड्यांत झाला.

हिंसादान

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. ज्यातून प्रयोजन काहीच साधत नाही पण पाप मात्र घडते, अशा कृत्यांपासून दूर राहणे हा त्याचा अर्थ. दिगंबर परंपरेत, आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात, अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. श्वेतांबर परंपरा दुःश्रुती वगळून चार मानते. शस्त्र, विष, अग्नी अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान. म्हणूनच श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांत, विषवाणिज्याच्या पोटात, शस्त्रांचा व्यापारही मोडतो.

आयसी कॉलनीतील त्या कार्यालयाकडे या दृष्टीने पाहिले तर जुने शब्द ताजे वाटू लागतात. आपले पिस्तूल दुसऱ्याच्या कपाटात ठेवणे हे हिंसादान. मनात महिनोन्महिने वैर घोळवत ठेवणे हे अपध्यान. ‘काय होते त्याने?’ म्हणून नियमांकडे डोळेझाक करणे ही प्रमादचर्या. आणि बंदूकधारी भाईला नायक ठरवणारे चित्रपट, मालिका आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती घरातली मुले रात्रंदिवस पाहत असतील तर ती दुःश्रुती. शास्त्रकारांनी गोळी झाडणाऱ्याच्या आधी उभ्या असलेल्या चार-पाच जणांनाही जबाबदार धरले आहे. कायद्याचे लक्ष मात्र बहुतेक वेळा शेवटच्या माणसावरच खिळलेले असते.

हा विचार केवळ इतरांना लागू करून भागत नाही. लग्नाच्या वरातीत रुबाबासाठी बंदूकधारी भाड्याने आणणारे घर, वसुली अडली म्हणून ‘दोन माणसे’ पाठवणारी पेढी, आणि गल्लीतल्या दादाच्या फलकाला मुकाट्याने वर्गणी देणारा दुकानदार, हे सारे त्या साखळीतले दुवे ठरतात. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात प्रतिक्रमण करताना या दुव्यांचा उच्चार झाला, तर ते प्रतिक्रमण व्यवहाराला अधिक जवळचे होईल.

हाताशी असलेले उपाय

शस्त्राविना सुरक्षितता कशी साधायची, याची उत्तरे फार अवघड नाहीत. दुकान उघडताना आणि बंद करताना किमान दोन माणसे असावीत. एकाने कुलूप काढावे, दुसऱ्याने रस्त्यावर लक्ष ठेवावे. कॅमेऱ्यांचे चित्रण केवळ दुकानातल्या यंत्रात न साठवता दुसऱ्या ठिकाणीही साठेल अशी व्यवस्था करावी, कारण लुटारू जाताना ते यंत्रच उचलून नेतात. काउंटरखाली पायाने दाबता येणारा भोंगा असावा आणि त्याचा आवाज शेजारच्या दोन दुकानांत पोहोचावा. नोकर ठेवताना पोलीस पडताळणी करून घ्यावी. रोकड बँकेत नेण्याची वेळ आणि वाट रोज एकच नसावी.

सराफांनी ज्वेलर्स ब्लॉक विम्याच्या अटी स्वतः वाचाव्यात. रात्री तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाची भरपाई बहुतेक विमापत्रांत मिळत नाही, हे नुकसान झाल्यावर कळून उपयोग नसतो. ज्यांना पहारेकरी आवश्यकच वाटतो त्यांनी तो २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली परवाना असलेल्या संस्थेकडूनच घ्यावा. बंदूकधारी असेल तर त्याचा परवाना महाराष्ट्रात चालतो काय आणि स्थानिक पोलिसांना त्याची माहिती आहे काय, हे कागद पाहून ठरवावे, आणि ड्युटी संपल्यावर शस्त्र दुकानात राहू देऊ नये. प्रत्यक्ष प्रसंग ओढवलाच तर प्रतिकाराचे धाडस करू नये. ऐवज जाऊ द्यावा, चेहरा, चाल आणि वाहन लक्षात ठेवावे, आणि ते निघाले की ११२ वर फोन करावा. गेलेले सोने विम्यातून परत येऊ शकते.

या उपायांना संघाचे बळ मिळाले तर ते अधिक टिकतील. प्रत्येक बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाने महिन्यातून एकदा पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांशी आणि नवनिर्वाचित नगरसेवकाशी एकत्र बैठक घ्यावी. बंद दिवे, अंधाऱ्या गल्ल्या आणि धमकीचे फोन यांची लेखी यादी द्यावी आणि पुढच्या बैठकीत त्याच यादीपासून सुरुवात करावी. पक्ष कोणताही असो, मत मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: तुमच्या आणि तुमच्या कार्यकर्त्यांच्या ताब्यात किती शस्त्रे आहेत, आणि परवान्याच्या अटी मोडणाऱ्याची शिक्षा वाढवण्यासाठी तुम्ही काय करणार आहात? निवडणूक अर्जासोबत मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र येते. ते मतदानापूर्वी वाचण्याची सवय घरातल्या तरुणांना लावावी. हिशेबाची चोपडी वाचणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

आणि परवाना काढू म्हणणाऱ्या मुलाचे काय? त्याला ‘आपल्या धर्मात बसत नाही’ एवढेच सांगून गप्प करणे योग्य नव्हे. त्याची भीती खरी आहे आणि ती वडिलांची आणि आजोबांचीही आहे. त्याला दुकानात सोबत घेऊन बसावे, कॅमेरा कोठे लावायचा आणि शेजारच्या दुकानाशी भोंगा कसा जोडायचा हे त्याच्यावर सोपवावे, पोलीस ठाण्यातल्या बैठकीला त्यालाच पाठवावे. रावळपाड्याच्या त्या सकाळनंतर दहिसरमध्ये जी दुकाने एकेकटी उघडत होती, त्यांतली काही आता शेजाऱ्याला हाक मारून, दोघांनी मिळून, एकाच वेळी शटर वर करतात. परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाने उद्या सकाळी शेजारच्या दुकानदाराला एक हाक मारून पाहावी.